पणजोबांचे तीन बिल्ले आणि घरात सांगितली जाणारी वेढ्याची गोष्ट

डोंगरवाट

नमस्कार मंडळी. गावचं घर दुरुस्तीला काढलंय. माळा रिकामा करताना पणजोबांची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत एक खाकी पट्टा होता आणि धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेले तीन बिल्ले. तिन्ही एकाच पट्टीवर फितींसकट शेजारी शेजारी शिवलेले आहेत. दोन चांदीचे वाटतात, मधला तांब्या-पितळेचा.

आमच्याकडे लहानपणापासून ऐकत आलोय, की पणजोबा बसऱ्याच्या लढाईत होते. शत्रूनं वेढा घातला, दाणापाणी बंद झालं, आणि मग आभाळातून पेट्या पडायच्या. काकांनी गावच्या स्मरणिकेत त्यांना 'कूटच्या वेढ्यातले वीर' म्हणून छापलंसुद्धा. पण घरात एकही कागद नाही. पेन्शनबुक नाही, डिस्चार्जचा कागद नाही, फोटोही नाही. नुसत्या बिल्ल्यांवरून एखाद्या माणसाची लढाईतली नोकरी शोधता येते का? कुणी शोधलीय का? कुठून सुरुवात करू?

आई चिंच लावून घासायला घेत होती, तूर्त थांबवलंय.

तळटीप

गोष्ट तंतोतंत कूटचीच वाटते. ब्रिटिश जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ मध्ये इराकमधल्या कूट-अल-अमारात तुर्कांच्या वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. शेवटच्या महिन्यात विमानांतून धान्य टाकायचा प्रयत्न झाला होता. मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ तिथे होत्या. आभाळातल्या पेट्या म्हणजे त्याच. काकांनी बरोबर लिहिलंय.

जुनाकागद

डोंगरवाट, सगळ्यात आधी आईंचे आभार माना आणि चिंच स्वयंपाकघरात ठेवा. ब्रश नको, पावडर नको, राखसुद्धा नको. तुम्हाला जे हवंय ते बिल्ल्याच्या तोंडावर नाहीच. ते आहे कडेवर, नाण्याला जिथे खाचा असतात तिथे. पहिल्या महायुद्धातल्या गोल मेडलांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. अक्षरं फार उथळ असतात. वर्षानुवर्षं घासलेल्या मेडलावर पहिले दोन आकडे गेलेले मी पाहिलेत, आणि ते आकडे गेले की पुढची वाटच बुजते.

वाचायची रीत सांगतो. रात्री दिवे बंद करा, मोबाईलचा टॉर्च कडेला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही, तिरप्या उजेडात अक्षराच्या खाचेत सावली पडते. मेडल हळूहळू फिरवत एकेक इंचाचे फोटो घ्या. शिवण उसवू नका. तिन्हींची कड तशीच वाचता येईल.

आणि मला आधी फितींचे रंग सांगा. तुमच्या पट्टीवर तीनच बिल्ले आहेत, चौथ्याची जागा आहे का? हे अगदी नीट बघून सांगा, कारण तळटीप यांनी म्हटलेल्या कूटचा निकाल तिथेच लागेल.

अबोली

वाचतेय. माझ्या आजोबांकडे दुसऱ्या महायुद्धाचे आहेत, नंतर विचारते.

डोंगरवाट

फोटो काढले, दोन तास गेले. डावीकडून सांगतो.

पहिला चांदीचा. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर उघडा पुरुष, घोड्याच्या पायाखाली ढाल आणि कवटी, १९१४ आणि १९१८. फीत मधे जाड नारिंगी, मग पांढरी, काळी, काठाला निळी.

दुसरा तांब्यासारखा, पंखांची बाई उभी आहे. फितीचे रंग इंद्रधनुष्यासारखे, दोन इंद्रधनुष्यं शेजारी ठेवल्यागत.

तिसरा पुन्हा चांदीचा. फीत जांभळी, मधे हिरवी, पुन्हा जांभळी. फितीवर आडवी चांदीची पट्टी आहे आणि त्यावर इंग्रजीत 'इराक' हा एकच शब्द.

कडेवर तिन्हींना चार आकडी नंबर एकच आहे. हुद्दा सिपॉय. नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलंय, पण वाचलं की पणजोबांचंच. शेवटी '११४ मराठाज'.

पट्टी तीनच बिल्ल्यांची आहे. मागे कापड शिवून दोन्ही टोकं दुमडलीत, चौथ्याला जागा नाही.

लिहिताना हात थरथरतोय खरं सांगायचं तर. आमच्या घरात त्यांचं नाव लिहिलेली ही एकच वस्तू आहे.

जुनाकागद

छान वाचलंत. आता एकेक घेऊ.

पहिला म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल, दुसरा व्हिक्टरी मेडल. ही जोडी. व्हिक्टरी मेडल एकटं कुणालाच दिलेलं नाही, ज्याला ते मिळालं त्याला वॉर मेडल मिळालंच. उलट मात्र नाही. नुसतं वॉर मेडल मिळालेले बरेच होते, म्हणजे नोकरी केली पण प्रत्यक्ष रणक्षेत्रात तुकडीबरोबर उतरले नाहीत. तुमचे पणजोबा उतरले होते, एवढं दुसऱ्या बिल्ल्यानं सिद्ध झालं.

आता जे नाही त्याच्याकडे बघा. ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत जो रणक्षेत्रावर पोचला त्याला तिसरी एक गोष्ट मिळायची, १९१४-१५ स्टार. चार टोकांचा, वर मुकुट, फीत लाल-पांढरी-निळी एकमेकींत विरघळलेली. आणि तो मिळाला की बाकीचे दोन मिळायचेच. कूटचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला. आत जो होता तो त्या तारखेआधी तिथे पोचलेलाच होता, वेढा पडल्यावर आत कोण जाणार? म्हणजे कूटमध्ये अडकलेल्या शिपायाला स्टार मिळायलाच हवा. तुमच्या पट्टीवर तो नाही आणि त्याला जागाही नाही.

शिवाय कडेवर ११४ आहे. कूटमध्ये अडकलेल्या मराठा पलटणी १०३, ११० आणि ११७. त्यांत ११४ नाही.

तळटीप

स्टार हरवला असेल. पोरांनी खेळायला नेला असेल. एवढ्यावरून घरची गोष्ट खोटी ठरवणं मला पटत नाही. शिवाय एका पलटणीतून दुसरीत माणसं पाठवत असत.

जुनाकागद

तुमचं दुसरं म्हणणं रास्त आहे. पलटणीत माणसं कमी पडली की दुसऱ्या पलटणीतून भरती पाठवत, त्यामुळे कडेवरची पलटण म्हणजे माणसाची सगळी नोकरी असं धरू नये. पण स्टारबाबत शिवणच साक्षीदार आहे. ज्यानं ही पट्टी शिवली त्याच्या हातात तीनच बिल्ले होते. चार असते तर स्टार पहिल्या जागी, डावीकडून सुरुवातीला आला असता.

आणि गोष्ट खोटी असं मी म्हटलेलंच नाही. गोष्ट कुठली आहे, एवढाच प्रश्न आहे. तिसऱ्या बिल्ल्याबद्दल उद्या सविस्तर लिहितो, मला काही तारखा पुन्हा तपासायच्यात.

कृष्णाकाठ

तोवर माझा अनुभव. आमच्या घरी फक्त इंद्रधनुष्य फितीचं ते तांब्याचं मेडल उरलंय. चांदीचं आजीच्या सासूनं सोनाराकडे देऊन पहिल्या नातवाचे वाळे केले. ते वाळे माझ्या वडिलांच्या पायात होते, आता माझ्या पुतण्यासाठी काढलेत. मला आजवर वाटायचं आमच्या खापरपणजोबांना एकच मेडल होतं. जुनाकागद यांचं वाचल्यावर कळलं की दुसरं कुठं गेलं ते आमच्या घरातच आहे. वाळ्यांवर अर्थातच नंबर नाही. पण तांब्याच्या कडेवर आहे, तो पुरला.

गवताचंपातं

वॉर मेडल तांब्याचंही असतं, हे इथे नोंदवतो, कारण त्यावरून आमच्या घरात फार मनस्ताप झालाय. माझे पणजोबा लेबर कोअरमध्ये गेले होते. सोनारानं सांगितलं, असलंच मेडल चांदीचं असतं, हे नकली आहे. वडिलांनी ते पुन्हा कधी कुणाला दाखवलं नाही. खूप वर्षांनी मला कळलं, की मजूर तुकड्यांना तेच मेडल, तोच घोडेस्वार, त्याच फितीवर, पण ब्राँझमध्ये दिलं होतं. चिनी, माल्टीज, भारतीय मजूर तुकड्यांना. ते नकली नाही. धातूतही माणसांची वर्गवारी केली होती, इतकंच. वडील तेव्हा नव्हते. मी ते फ्रेम करून दर्शनी भिंतीला लावलंय.

ज्यांच्या घरी तांब्याचं आहे त्यांनी कडेवर 'कोअर', 'लेबर', 'फॉलोअर' असं काही दिसतं का बघा. बंदूक हातात नसलेल्या या माणसांच्या नोंदी फार कमी उरल्यात. त्यांच्यासाठी ही कड हाच दाखला.

अबोली

गवताचंपातं, वाचून गलबललं.

माझा प्रश्न. आजोबांची दोनच मेडलं आहेत. एकावर सिंह उभा आहे आणि त्याच्या पायाखाली दोन तोंडांचा राक्षस, दुसऱ्यावर भारताचा नकाशा, १९३९-४५. स्टार एकही नाही. माझा मामा म्हणतो, म्हणजे त्यांनी लढाई बघितलीच नाही, छावणीत बसून होते. आजी फार दुखावते त्यानं. खरंच तसं का?

निवृत्तहवालदार

ताई, मी २४ वर्षं पलटणीत काढली म्हणून सांगतो. सिंहाचं ते वॉर मेडल, नकाशाचं ते इंडिया सर्व्हिस मेडल. दुसरं मेडल तीन वर्षं देशात नोकरी केल्याशिवाय मिळत नव्हतं. तीन वर्षं कुणीतरी दारूगोळ्याचे डेपो राखले, खेचरं शिकवली, बर्मा आणि इटलीला जाणाऱ्या रंगरुटांना उभं केलं. त्याशिवाय पुढची फळी एक दिवस टिकत नाही. मामांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा.

कडेवर काय लिहिलंय ते बघा. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश सैनिकांची स्टार-मेडलं कोरी असत, पण भारतीय सैन्याच्या मेडलांवर नाव-नंबर ठोकलेला सापडतो. 'आर आय ए एस सी' असेल तर सर्व्हिस कोअर, म्हणजे रसद आणि वाहतूक. 'आय ए ओ सी' म्हणजे ऑर्डनन्स कोअर, शस्त्रं आणि दारूगोळा पुरवणारी.

ज्यांच्याकडे स्टार आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. सगळे सहा टोकांचे आणि दिसायला सारखे, फरक मधल्या गोलातल्या अक्षरांत आणि फितीत. वाळूच्या रंगाची फीत आफ्रिका, हिरवी-पांढरी-लाल इटली, निळ्यात लाल आणि नारिंगी बर्मा. आफ्रिका स्टारवर '८' असलेली पट्टी असेल तर माणूस ऑक्टोबर १९४२ ते मे १९४३ या काळात आठव्या आर्मीत होता. इतकं नेमकं कळतं.

आणि घरातली म्हातारी माणसं पलटणीचं टोपणनाव सांगतात, ते लिहून ठेवा. कुणी 'काळी पाचवी' म्हटलं तर तो फितीचा रंग नव्हे. ती जुनी १०५ नंबरची मराठा पलटण, १९२२ नंतर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन.

अबोली

कडेवर 'आर आय ए एस सी' आहे!! काका, आजीला फोन करून आत्ताच वाचून दाखवलं. ती म्हणाली, ते खेचरांना नावं ठेवायचे, सुट्टीवर आले तरी झोपेत त्यांना हाका मारायचे. हे तिनं आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

डोंगरवाट

मधल्या काळात मी एक चूक केली, बाकीच्यांनी करू नये म्हणून लिहितो. वंशावळ शोधून देणाऱ्या एका परदेशी संकेतस्थळाला वर्षभराचे पैसे भरले. त्यांच्याकडे मेडल कार्डं आहेत असं लिहिलं होतं. नाव सतरा प्रकारे टाकून बघितलं. काही नाही.

जुनाकागद

ती कार्डं मुळात लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराची, पहिल्या महायुद्धाची, पन्नास लाखांच्या घरात. ती इतकी महत्त्वाची ठरली कारण १९४० मध्ये जर्मन बाँबहल्ल्यात ब्रिटिश शिपायांच्या सेवानोंदींचा मोठा भाग जळाला, आणि कित्येक घरांना मेडल कार्डाखेरीज काही उरलं नाही. पण ती बहुतांशी ब्रिटिश सैन्याची. भारतीय शिपायांची थोडीच आहेत. त्यामुळे तिथे नाव न सापडणं म्हणजे माणूस नव्हता असं मुळीच नाही. आपल्याकडे उलट्या दिशेनं जावं लागतं. त्यांच्याकडे कार्ड आहे आणि मेडल बहुधा विकलं गेलंय. आपल्याकडे कार्ड नाही पण मेडल ट्रंकेत आहे.

नावाच्या स्पेलिंगमागे लागू नका. कारकून ऐकून लिहीत. नंबर, पलटण आणि नाव ही तिन्ही एकत्र धरा. १९२२ पूर्वी नंबर पलटणीपुरते असत, त्यामुळे तोच नंबर दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याच माणसाचा असू शकतो.

आता तिसरा बिल्ला. तो जनरल सर्व्हिस मेडल. फितीवरची 'इराक' ही पट्टी १० डिसेंबर १९१९ ते १७ नोव्हेंबर १९२० या काळात तिथे असलेल्यांना मिळाली. म्हणजे महायुद्ध संपून वर्ष उलटलं तरी तुमचे पणजोबा घरी आलेले नव्हते.

त्या वर्षी इराकमध्ये ब्रिटिशांविरुद्ध मोठा उठाव झाला. त्याची ठिणगी ३० जून १९२० ला रुमैथा या गावी पडली. तिथल्या छोट्या शिबंदीला टोळ्यांनी वेढलं. त्या शिबंदीत ११४ मराठाजची माणसं होती. धान्य संपत आलं, विमानांतून सामान टाकलं गेलं, २० जुलैला सुटकेसाठी फौज पोचली. जवळच्याच सामावा गावचा वेढा तर ऑक्टोबरपर्यंत चालला.

वेढा, उपासमार, आभाळातल्या पेट्या. सगळं जुळतं, फक्त चार वर्षं पुढे. तुमचे पणजोबा नेमके रुमैथ्यात होते असं मेडल सांगत नाही, आणि मीही सांगणार नाही. ११४ ची माणसं त्या वर्षी वेगवेगळ्या ठाण्यांवर विखुरलेली होती. पण कूट मात्र नाही.

तळटीप

मान्य. मी घाई केली. हा १९२० चा वेढा मला ठाऊकच नव्हता. कूटवर पुस्तकं आहेत, रुमैथ्याचं नाव कुणी घेत नाही. काकांच्याही बाबतीत तेच झालं असणार. वेढा म्हटल्यावर पुस्तकात जो सापडला तो त्यांनी लावला.

निवृत्तहवालदार

११४ चा आणखी एक मान सांगतो, पलटणीत शिकवतात. ऑक्टोबर १९१८, इराकमधली शरकतची लढाई. एका लढाईत त्या पलटणीनं २८ शौर्यपदकं मिळवली. आपले पणजोबा तेव्हा पलटणीत होते का, हे भरतीची तारीख मिळाली तर कळेल.

शौर्यपदकाची गोष्ट वेगळी असते हेही सांगून ठेवतो. मोहिमेचं मेडल हजर असणाऱ्या प्रत्येकाला. शौर्यपदक एकेकट्याला, आणि त्याचं गॅझेट, म्हणजे सरकारी राजपत्र निघतं. नाईक यशवंत घाडगे (१० जुलै १९४४) आणि शिपाई नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५), दोघे इटलीत, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांनी काय केलं ते मिनिटामिनिटाला लिहिलेलं लंडन गॅझेटमध्ये आजही वाचता येतं. आपल्या घरच्या पदकावर 'फॉर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस' असे शब्द असतील तर गॅझेट शोधाच.

कृष्णाकाठ

ज्यांच्या घरचा माणूस परत आला नाही त्यांनी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर शोधावं, फुकट आहे. माझ्या आजीच्या काकांची नोंद तिथे निघाली. वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, सगळं. गावाचं स्पेलिंग ओळखू न येण्यासारखं होतं, तालुक्यावरून पटलं. बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि शिपायांची नुसती संख्या. म्हणून आपली माणसं दगडावर सापडत नाहीत, नोंदवहीत सापडतात.

आणि गावच्या चावडीवर, शाळेच्या भिंतीत, देवळाच्या आवारात संगमरवरी पाटी आहे का बघा. 'या गावातून इतके जण महायुद्धात गेले, त्यापैकी इतके कामी आले.' आमच्या शाळेत ती चुन्याखाली गेली होती. मुख्याध्यापकांना सांगून खरवडून घेतली.

डोंगरवाट

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, गावी गेलो होतो. माझी मोठी आत्या ८६ वर्षांची आहे. लहानपणी ती पणजोबांच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकायची. मी तिला कूट, रुमैथा काहीच बोललो नाही. नुसतं म्हटलं, आत्या, वेढ्याची गोष्ट सांग, जशी आठवते तशी.

तिनं पेट्या सांगितल्या. भाजलेलं जोंधळ्यासारखं काहीतरी मुठीनं वाटायचे ते सांगितलं. आणि मधेच म्हणाली, "रुळ उखडले होते ना रे, म्हणून गाडी येईना. रोज कान लावून बसायचे, गाडी वाजते का."

मी तिला दोनदा विचारलं, कसले रुळ? तर म्हणाली, "आगगाडीचे. दुसरे कसले असतात?"

जुनाकागद

डोंगरवाट, कूटला वेढ्याच्या वेळी रेल्वे नव्हती. तिथे सगळं नदीवर चालायचं, बोटींवर. बसरा-बगदाद रेल्वे नंतर झाली, आणि रुमैथा आणि सामावा दोन्ही तिच्यावरची गावं. १९२० मध्ये बंडखोरांनी ते रुळ उखडले होते.

आत्यांचं बोलणं जसंच्या तसं रेकॉर्ड करा. आजच करा.

डोंगरवाट

केलंय, चाळीस मिनिटांचं आहे.

काकांना फोन केला. वाटलं होतं चिडतील, स्मरणिका छापून झालीय. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे लढाई संपल्यावरही त्यांना दोन वर्षं सोडलं नाही?" नंतर तेच एक वाक्य त्यांनी आणखी दोनदा म्हटलं.

पुढचं असं ठरवलंय. नंबर आणि पलटण घालून बेळगावच्या मराठा केंद्राला पत्र टाकतोय. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही एक चक्कर मारणार आहे. क्यूमध्ये पलटणींच्या युद्धडायऱ्या आहेत, ११४ ची मिळाली तर इथे पानापानाचं लिहीन. त्यात शिपायांची नावं क्वचितच असतात हे माहीत आहे, पण पलटण कुठल्या दिवशी कुठे होती ते तरी कळेल.

एका संग्राहकाचा व्यक्तिगत निरोप आला, चांगली किंमत देतो म्हणून. नाही सांगितलं. तो तीन वेगवेगळ्या माणसांना तीन बिल्ले विकेल, आणि मग ती शिवण कोण वाचणार?

पट्टी तशीच ठेवलीय, न घासता. आईनं नवं मऊ सुती कापड शिवून दिलं. त्यात एक चिठ्ठी ठेवलीय, नंबर, पलटण, आणि त्यांचं नाव आपल्या अक्षरांत, आम्ही घरी घेतो तसं.